एकाच दाताच्या किल्ल्या

एकोणीसशे शहात्तरच्या मे महिन्यात माझ्या गाडीची किल्ली हरवली. मी नागपूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते आणि तिथल्याच इंदोरा वस्तीत मायबरोबर राहत होते. घरात आम्ही दोघीच. गाडी म्हणजे राखाडी रंगाची जुनी फियाट, निवृत्त होऊन गावी निघालेल्या एका प्राध्यापकांकडून घेतलेली. तिला किल्लीही एकच होती. पर्स, टेबलाचे खण, प्रयोगशाळेतल्या बाकांखालची धूळ, सगळीकडे शोधलं. मिळाली नाही.

सीताबर्डीवरून धोंडबा नावाच्या चावीवाल्याला बोलावलं. गाडीशेजारी कडुनिंबाच्या सावलीत त्याने बसकण मारली, एक कोरी किल्ली मेणबत्तीवर धरून काळी केली, दाराच्या कुलपात घातली, हलकेच पिळली आणि बाहेर काढली. आतल्या खिट्ट्या जिथे टेकल्या होत्या तिथे काजळीवर बारीक, चकचकीत ठिपके उठले होते. तेवढ्याच जागी त्याने कानस फिरवली. पुन्हा काजळी, पुन्हा पीळ, पुन्हा कानस. न दिसणाऱ्या गोष्टीचा आकार असा हळूहळू हाती येताना पाहून मला वर्गात शिकवल्यासारखंच समाधान वाटलं.

"जुनी किल्ली कुणाला सापडली तर?" मी विचारलं.

"गाडी कोनती, हे त्याले मालूम पायजे ना बाई." धोंडबाने फुंकर मारून कीस उडवला. "अन् तसं पाह्यलं तं कंपनी तरी किती येगयेगळ्या चाब्या बनवन? एकाच दाताच्या दोन गाड्या कुठं ना कुठं राहतेच. एकमेकीले भेटत नाही, म्हनून चालते."

भीती वाटत असेल तर सगळी कुलपंच बदलून टाका, मुंबईहून मागवावी लागतील, असंही तो म्हणाला. मी मागवायला सांगितली; ती येईपर्यंत हीच किल्ली वापरायची होती. नवी किल्ली आधी अडली, मग पाण्यात हात फिरावा तशी अलगद फिरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेज सुटल्यावर गाडीत बसले आणि स्टिअरिंग थंड लागलं. गाडी सकाळपासून उन्हात उभी होती. बाहेर दाराचा पत्रा हाताला पोळत होता आणि आत ओल्या वाळ्याचा वास होता. सीट गार. काचेतून दिसणारं ऊनसुद्धा कुठेतरी दूरवर पडल्यासारखं. आरसा जरा खाली वळवलेला होता. धोंडबाचा धक्का लागला असेल, असं मनाशी म्हणून मी तो सरळ केला.

मग एकदा मागच्या सीटवर डबा दिसला. फडक्यात बांधलेला, अजून गरम. त्यात तीळ लावलेली भरली वांगी होती. आमच्याकडे तीळ घालत नाहीत. आता माझी खात्री झाली की जुनी किल्ली कुणाच्या तरी हाती लागली आहे आणि तो माणूस माझी गाडी वापरतो आहे. मी कॉलेजचा चौकीदार लहानू याला गाठलं.

"माझ्या गाडीत कोण बसतं रे?"

लहानू गोंधळला. "कोनी नाही मॅडम. तुमीच तं बसून होत्या आज. दुपारभर."

"मी दुपारभर वर पेपर तपासत होते."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "असन मंग," एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी मी भर दुपारी कॉलेजातून घरी निघाले. नागपुरात मे महिन्याची दुपार रात्रीपेक्षा निर्मनुष्य असते. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, रिक्षावाले सीटवर पाय दुमडून झोपलेले. डांबरावर पुढे पुढे पळणारं पाणी दिसत होतं. ते पाणी नसतं, उन्हाने वाकलेला प्रकाश असतो, हे मी दर वर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. त्या दिवशी टायरांखाली मला त्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

इंदोऱ्याला जायचं तर सदरकडे वळायला हवं होतं. मी वळले नाही. तसं काही ठरवलं नव्हतं. हात नेहमीच्या रस्त्याने जावेत तसे जात राहिले. अंबाझरीचा बांध मागे पडला. हिंगण्याच्या रस्त्यावर कंपनीची एक रिकामी बस आवाज न करता शेजारून गेली. मग एका पिवळ्या घरासमोर गाडी थांबली. अंगणात संत्र्याची लहान झाडं होती. ते घर मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्याच्या फाटकाची कडी वर उचलून मग ओढावी लागते, हे मला माहीत होतं.

मी उतरायच्या आधीच फाटक आतून उघडलं गेलं.

देवराव होता.

त्याच्याशी माझं लग्न ठरलं होतं. हिंगण्याच्या कारखान्यात नोकरीला लागला आणि त्याच पावसाळ्यात टायफॉईडने गेला. त्याचा चेहरा मी शेवटचा पाहिला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस होते.

"आली वं?" तो म्हणाला. "ऊन पाय किती आहे. चाल आत."

मी गेले. मला भीती वाटली नाही, हे खरं सांगते. फरशी गार होती. त्याने माठातलं पाणी दिलं, ते मी प्याले. त्याच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता. तो समोर बसला आणि माझ्याकडे रोजच्यासारखा पाहू लागला. इथेच बसून राहावं, असं मला वाटलं. संध्याकाळ व्हावी, त्याने दिवा लावावा, आणि मी स्वयंपाकाला उठावं.

"नवीन चाबी बरोबर लागते का?" त्याने विचारलं. "तुई जुनी तं काही सापडली नाही."

मी पेला दोन्ही हातांनी धरला.

"काहून अशी गप्प आहे? मायची आठवन आली?"

त्याची नजर भिंतीकडे गेली. माझीही गेली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी एक फोटो होता. त्याला हार घातलेला होता.

फोटोत माझी माय होती.

मी उठले. पेला हातातून पडला. तो काहीतरी म्हणत मागे आला, पण मी गाडी सुरू केली होती. आरशात तो फाटकाशी उभा दिसत होता. मग नुसतं ऊन दिसलं.

इंदोऱ्यापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही.

माय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. जिवंत. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले, तिच्या खांद्याला हात लावला. खांदा ऊबदार होता.

"आता काहून आली वं पुन्हा?" ती म्हणाली.

"पुन्हा?"

"मंगाशी तं येऊन गेली. पानी नाही घेतलं, काही नाही. माह्या मांडीवर डोकं ठेवून रडतच राह्यली." तिने सूप खाली ठेवलं. "मी मेल्यावानी रडून राह्यली होती. काय झालं तुले?"

मी खाली बसले. 

"अन् माहं नेसतं लुगडं काहून मागून नेलं?" माय म्हणाली. "धुऊन देतो म्हटलं, तं नाही म्हने. म्हने, धुऊ नको माय, मले तुया वासाचंच पायजे."