गाठोड्यातली चटणी

खोटं सांगत असंन तर माझे उरलेले दोन दात आत्ताच्या आत्ता पडू द्या! एकेक शब्द खरा हाय, बाबांनो. बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या आटलेल्या आडातले बेडूक बेजार होऊन वर आले आन वडवणीच्या स्टँडावर बीडच्या यष्टीची वाट बघत बसले, हे जितकं खरं, तितकीच छबुबाईची गोष्ट खरी. ज्याला पटत न्हाई त्यानं बेडकाला विचारावं.

तर दसरा होऊन गेलता. ऊन डोक्यावर आलतं, झाडाला पान न्हवतं, आन सगळी आळी आपापल्या दारात उभी राहून बघायली असताना छबुबाईनं आपल्या सुनंचं गाठोडं उंबऱ्यावरनं उचललं आन धाडकन अंगणात फेकलं!

"नीघ! नीघ माझ्या घरातनं! मिशनच्या बाईच्या हातचं पाणी पिऊन येतीस आन त्याच तोंडानं माझ्या चुलीम्होरं बसतीस?"

वत्सला, तिची एकुलती एक सून, डोक्यावरची घागर तशीच धरून उभी ऱ्हायली. तिचा नवरा उत्तरेश्वर ऊसतोडीच्या मुकादमाकडं गेलता, घरात दुसरं कुणी न्हवतं.

"आत्याबाई... माझं काय चुकलं वो?"

"तुझं न्हाई, माझं चुकलं! तुला सून करून आणलं ते चुकलं!"

समोरच्या ओट्यावर विठ्ठलराव बसलेला. भावकीतला थोरला, सोसायटीचा चेअरमन, आन गावात पाणी असलेला एकच आड त्याच्या मालकीचा. त्यानं मिशीवरनं हात फिरवला. "बरं केलंत, वयनी. असली थेरं आपल्या भावकीत खपायची न्हाईत."

वत्सलेनं घागर खाली ठिवली. कशी ठिवली म्हणता? काळीज फाटत असताना सुदिक तिनं एक थेंब सांडू दिला न्हाई! मग गाठोडं उचललं आन सडकंकडं चालायला लागली. वळून बघितलं न्हाई. सडकंच्या कडंला बाभळीखाली मिशनची मार्थाबाई उभी होती, हातात छत्री घिऊन. योगायोगानं उभी होती असं गाव म्हणलं. गावाला काय, गाव काहीबी म्हणतंय.

छबुबाईनं दार लावून घेतलं, कडी घातली, आन दाराला पाठ लावून ती मटकन खाली बसली... तोंडात पदराचा बोळा कोंबला, कारण तो हुंदका जर दाराबाहेर गेला असता तर सगळा डाव मोडला असता!

कारण डावच होता तो.

गोष्ट अशी होती. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर मार्थाबाई सुकडी, म्हंजी दुष्काळातला कोरडा खाऊ, वाटायला यायची आन दुपारच्या सुट्टीत बायांना पाटीवर अक्षरं शिकवायची. मिशनची असली तरी बाई आपल्याच मुलखातली; लुगडं आपल्यासारखंच नेसायची आन मिरचीचा ठेचा आपल्यापेक्षा झणझणीत खायची. वत्सला तिच्या पाटीवर अशी झडप घालायची की जशी तान्हेली गाय हौदावर! आन नुसतं शिकलीच न्हाई. एकदा उन्हात एक बाळंतीण चक्कर येऊन पडली, तर ही पोरगी खडीच्या ढिगावर चढली आन साहेबाला म्हणली, "साहेब, सरकारचा तलाव उद्या झाला तरी चालंल, पण बायांसाठी रांजण आजच पाहिजे." आन रांजण आला! छबुबाई डोक्यावर पाटी घिऊन तशीच उभी. तिच्या उभ्या जन्मात तिच्या शब्दानं चुलीवरचं आधण सुदिक लवकर उकळलं न्हवतं.

मग एक दिवस मार्थाबाईनं सांगितलं, की लांब नगरकडं मिशनचं बायांचं वसतिगृह हाय. ऊसतोडीला लोक जातात तेवढे महिने तिथं ऱ्हायचं, लिहायला-वाचायला शिकायचं, सोसायटी कशी चालवायची, चार लोकांत उभं राहून कसं बोलायचं ते शिकायचं. परत आलं की गावच्या बायांची शेळ्यांची सोसायटी काढायची. शेळ्या मिशन देणार.

विठ्ठलरावाला खबर लागली. तो दारात येऊन सांगून गेला, "वयनी, तुमी सुनंला तिकडं धाडली, तर माझ्या आडावर तुमची घागर दिसायला नको."

आन वत्सलेनंबी डोळ्याला पदर लावून हात झटकले. "म्या गेले तर यांच्यासंगं ऊसात कोण जाईल? तुमी? तुमाला कोयत्याच्या जोडीत घालून म्या पाटी घिऊन बसू? मेले तरी न्हाई, आत्याबाई."

बघा बरं, कशी अडकली बाई! धाडावं तर पाणी तुटतंय, धाडू न्हाई तर पोरीचा जन्म चुलीत जातोय, आन पोरगी स्वतःच पायात पाय अडकवून बसलेली. चहूकडनं दारं बंद! तवा छबुबाईच्या ध्यानात आलं, की बंद घरातनं माणूस बाहेर काढायची एकच वाट ऱ्हाती. धाडलेल्या सुनंचा जाब घराला विचारतात. हाकललेल्या सुनंचा जाब कुणीच विचारत न्हाई.

ती खडीच्या ढिगामागं मार्थाबाईला गाठून बोलली. मार्थाबाईनं कानावर हात ठिवले. "छबुबाई, मला असल्या लबाडीत ओढू नका. माझ्या देवाला खोटं चालत न्हाई."

"तुमाला कुठं बोलायचंय? तुमी नुसतं बाभळीखाली उभं ऱ्हावा. खोटं माझ्या देवाच्या नावावर घाला, त्याला माझी सवय हाय."

मार्थाबाई हसली, आन मग हसता हसता डोळे पुसायला लागली. "पण पोरगी तुमाला आयुष्यभर शिव्याशाप देईल वो..."

"देऊ द्या. शिकून देईल तर चांगल्या शब्दात देईल."

त्या दिवशी वत्सला पाण्याला गेली तशी छबुबाईनं गाठोडं बांधलं. हाकलायचं म्हणलं की दोन चिंध्या बांधून फेकायच्या असत्यात. पण हात ऐकंना! लुगड्यांची नीट घडी घातली. थंडीसाठी आपली एकुलती एक वाकळ घातली. आन सगळ्यात आत, पळसाच्या पानात गुंडाळून, चटणी घातली. लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची चटणी, पोरीला भाकरीसंगं लागायची म्हणून. बहात्तरला शेंगदाणे कुठनं आले असं विचारायचं न्हाई. सांगितलं ना, एकेक शब्द खरा!

सांच्याला उत्तरेश्वर आला, त्याला आळीनं सगळं सांगितलं. तो मायकडं बघत ऱ्हायला. त्याला वाटलं ती म्हणंल, चुकलं, जा, घिऊन ये. छबुबाई भाकरी थापत ऱ्हायली. खरं सांगावं तर तो त्याच पावली नगरला पळाला असता, बायकोला हाताला धरून आणलं असतं, आन डाव कळल्यावर विठ्ठलरावानं आडाभवती काट्याचं कुंपण घातलं असतं. ती गप बसली... आन तो त्या घडीपासनं तिला 'माय' म्हणायचा बंद झाला.

ऊसाच्या फडावर मुकादम शहादेव तिला बघून खदाखदा हसला. "आरं उत्तरेश्वर, कोयता म्हंजी नवरा-बायकोची जोडी! माय-लेकाचा कोयता म्या जिंदगीत बघितला न्हाई. ही म्हातारी मोळी उचलंल का मोळी हिला?"

"तू मोळी माझ्या डोक्यावर ठिव की रं," छबुबाई म्हणली, "मग तुझं हसू किती वजनाचं हाय तेबी सांगते."

उचलल्या तिनं मोळ्या. लेक तोडायचा, ती बांधायची, डोक्यावर घिऊन गाडीपस्तोर वाहायची. ऊसाच्या शेंड्याच्या, वाढ्याच्या पात्यांनी हात चिरले, मान खांद्यात रुतली. पण ते दुखणं सोसवतंय वो, हाडाचं दुखणं हाडात ऱ्हातंय. दिवसभर एका कोयत्यात जुंपलेली दोन माणसं, पाचटाच्या एका कोपीत जेवणारी, आन त्यांच्यात एक शब्द न्हाई! फडातल्या बाया तिला 'सूनखाऊ' म्हणायच्या, आपल्या सुना तिच्या कोपीच्या वाटंला जाऊ द्यायच्या न्हाईत. आन छबुबाई कुणाला काय सांगणार? तोंड उघडावं तर पोरीची वाट मोडतीय, मिटावं तर लेक दुरावतोय. ऊसाच्या फडाला सुदिक चार बाजूनं बाहेर पडायला वाट असती. तिला एकबी न्हवती.

एक दिवस उत्तरेश्वर कोयता खाली टाकून म्हणला, "तुला सून नको झाली. आता लेकबी न्हाई असं समज. हंगाम सरून पट्टा पडला की म्या माझ्या वाटंनं, तू तुझ्या."

शब्द ओठापस्तोर आला होता... "बाळा, अरं म्या..." मग तिनं वाकून मोळी बांधायला घेतली. गाठ अशी आवळली, की त्या गाठीलाच ठाऊक.

वैशाखात पट्टा पडला, लोक गावाकडं परतली. विठ्ठलरावाच्या आडाला आता रांजणभर पाणी आन गावभर रांग. आन अशात एका सकाळी सडकंवर धुरळा उठला! पुढं धुरळा, मागं धडधड, आन धुरळ्यातनं एक लोखंडी राक्षस बाहेर आला; मिशनची बोअर मारायची मशीन, ट्रकावर. आन ट्रकाच्या टपावर, पदर खोचून, हातात छत्री उघडून कोण बसलेलं? वत्सला! शपथ घिऊन सांगते, गावातले कोंबडे तिला बघून परत एकदा आरवले.

खाली उतरल्यावर तिनं जागा दाखवली. कुणाच्या वावरात न्हाई, कुणाच्या आळीत न्हाई, सडकंच्या कडंला, त्याच बाभळीपाशी, जिथनं गावातल्या कुठल्याबी जातीच्या घागरीला कुणाला विचारायची गरज पडू नये. मशीन दोन दिवस जमीन कोरत ऱ्हायली. वत्सला मार्थाबाईसंगं तंबूत ऱ्हायली, घराकडं फिरकली न्हाई. उत्तरेश्वर तंबूच्या आसपास घुटमळायचा आन मान खाली घालून परत यायचा. छबुबाई दाराच्या फटीतनं बघायची. पोरगी वाळली होती का? न्हाई, चांगली दिसायली. चालायला लागली की लोक वाट सोडायली. बास! एवढं बघितलं, आता डोळे मिटले तरी चालंल, असं तिला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. हापसा बसला. बाया नाचल्या, गडी रडले. मार्थाबाई म्हणली, "हा हापसा आन शेळ्या, दोन्ही बायांच्या सोसायटीच्या ताब्यात. चेअरमन वत्सलाबाई."

विठ्ठलराव पुढं आला. पाणी हातातनं गेलतं, पण जबान शाबूत होती. "शेरडांच्या चेअरमन! व्हा की. पण सोसायटीचा कायदा म्या तुमच्याआधीपासनं जाणतो. गावात घर असलेलीच सभासद होऊ शकती. हिचं घर कुठंय? हिच्या सासूनं हाकललीय हिला, म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय! बोला, वयनी. हाकलली का न्हाई?"

सगळं गाव छबुबाईकडं वळलं. वत्सलाबी बघायला लागली. खरं सांगावं तर पोरीला कळंल की तिला फसवून घराबाहेर काढलं, तिची सहा महिन्याची आसवं सासूनं मुद्दाम काढली... न्हाई सांगावं तर पोरगी बेघर. मग छबुबाई एकेक पाऊल टाकत पुढं आली, कनवटीची घराची किल्ली सोडली आन वत्सलेच्या पायापाशी ठिवली.

"हाकलली म्या," ती म्हणली, "पण घर तिचंच हाय. हाकलणारी म्या, तर बाहेर म्या जाते. लिवा तिचं नाव. माझं तोंड तुमाला परत दिसायचं न्हाई."

आन ती वळली! खरंच चालायला लागली!

"आत्याबाई!" वत्सलेची हाक अशी आली की छबुबाईचे पाय जागच्या जागी थिजले. "तुमाला मोळी उचलता येती, पण खोटं उचलता येत न्हाई. आवं, रागानं हाकललेल्या सुनंच्या गाठोड्यात कुणी चटणी बांधतं का वो?"

छबुबाई गर्रकन वळली. "तुला... तुला कळलं होतं?"

"पहिल्याच मुक्कामाला. गाठोडं सोडलं आन वाकळ निघाली, चटणी निघाली. रातभर त्या पळसाच्या पानाला उराशी धरून बसले."

"मग कावून गप बसलीस गं? लोक मला सूनखाऊ म्हणायली, लेक बोलंना..."

"एक शब्द बोलले असते तर परत यावं लागलं असतं, आत्याबाई! तुमी एवढी बेइज्जती सोसून मला हाकललं, ते हाकलणं म्या वाया कसं जाऊ द्यावं?"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, आन हापशाला जेवढं पाणी लागलं न्हवतं तेवढं तिथं वाहिलं! उत्तरेश्वर गर्दीतनं आला. गुडघ्यावर बसला, मोळ्यांनी चिरलेले तिचे दोन्ही हात आपल्या तोंडावर धरले.

"माय," तो म्हणला. एवढंच. छबुबाईला एवढंच पाहिजे होतं.

विठ्ठलराव ओरडला, "म्हंजी माझ्या डोळ्यात धूळ फेकली म्हणा की!"

गर्दीतनं त्याची बायको केसरबाई पुढं आली, कमरंवर घागर घिऊन. "गावभर धूळच होती, एक मूठ तुमच्या डोळ्यात गेली तर काय झालं? वत्सले, सभासदात पहिलं नाव माझं लिव गं. आन हे विचारतील की घर कुठंय, तर सांग, ह्यांच्या उरावर!"

तर अशी चालू झाली ती सोसायटी. वत्सला बायांची चेअरमन झाली, दर बैठकीला छबुबाईला शेजारी बसवायची. बैठकीत कुणी लई आवाज चढवला की म्हातारी म्हणायची, "बोल बाई, पण हाकलू नकोस. ते काम माझं हाय."

सगळं खरं सांगितलं. बेडकांचं खरं, कोंबड्यांचं खरं, छत्रीचंबी खरं... बरं, आता दात जायच्या आत एक कबूल करते. गोष्टीतले ते शेंगदाणे माझ्या पदरचे. बहात्तरला शेंगदाणे कुठले, लेकरांनो? घरात होतं ते कुटलं तिनं. नुसतं मीठ आन मिरची.