अर्धी गोळी

डेल प्रुइटला मी प्रथम पाहिले तेव्हा तो माझ्या वडिलांच्या बंद दुकानात, काउंटरच्या आतल्या बाजूला उभा राहून जांभया देत होता.

१९९६चा मार्च होता. आमच्या ॲबर्डीन गावात मार्चमध्ये पाऊस पडतो असे म्हणणे अचूक ठरणार नाही. तो थांबत नाही, इतकेच. वडिलांनी हयातीतच बंद केलेले, पाच वर्षे कुलूप असलेले ते औषधांचे दुकान मी एका चित्रपटासाठी पाच आठवडे वापरायला दिले होते. सिॲटलहून आलेली विनी ओकामोटो ही दिग्दर्शिका, सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, अकरा माणसे आणि नशेपायी औषधांची दुकाने लुटणाऱ्या चौघांची कथा. विनीला बाटल्या खऱ्या दिसायला हव्या होत्या. मी फार्मासिस्ट, म्हणून ते काम माझ्याकडे आले. चोरीही खरी दिसायला हवी होती. ते काम डेलचे होते, कारण त्याने ती केली होती. तो दोन वर्षे तुरुंगात राहून आला होता आणि दहा महिन्यांपासून नशेला शिवला नव्हता.

हे मला नंतर कळले. त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, की इतका कंटाळा येत असेल तर बाहेर थांबायला माझी हरकत नाही.

"कंटाळा नाही हो," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होते. "फळ्या बघतोय ना... अंगाला वाटतं, आता मिळणार."

मी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या पाहिल्या. त्या असायला हव्यात त्यापेक्षा मोठ्या होत्या. नाक गळत होते, मनगटावर काटा आला होता. नशेची नुसती चाहूल लागली तरी शरीर जुनी तयारी सुरू करते, हे मी अभ्यासात वाचले होते. समोर घडताना पाहिले नव्हते. मी त्याची बाही धरली आणि त्याला बाहेर, दुकानाच्या छपराखाली आणले. तिथे आम्ही वीस मिनिटे पावसाकडे पाहत उभे राहिलो. जांभया हळूहळू थांबल्या.

"सगळ्यांना असंच तपासता का तुम्ही?" त्याने विचारले.

"लक्षणं असली तरच."

"आणि नसली तर?"

"मग उद्या परत या म्हणते."

तो दुसऱ्या दिवशी परत आला. अर्थात, त्याचे कामच तिथे होते. यातून काही सिद्ध होत नाही.

पुढचे दिवस एका पद्धतीने गेले. मी बाटल्यांत दुधाच्या साखरेच्या गोळ्या भरून फळ्यांवर मांडत असे. बाटल्या बाहेर असेपर्यंत डेल उंबरठा ओलांडत नसे. दारातूनच तो नटांना शिकवी: कप्पा कसा उपसायचा, कान रस्त्याकडे कसा ठेवायचा, हात घाईत असला तरी पाय शांत कसे ठेवायचे. दुपारी आम्ही माझ्या पिकअप गाडीत बसून खात असू. तो क्लॅम शिंपल्यांचे गरम सूप आणी, मी राय धान्याचा पाव आणि धुरावलेला सॅमन मासा. काचा वाफेने पांढऱ्या होत. त्याचे हात लांब होते आणि कप धरताना तो ते अतिशय जपून वापरी, जणू ते कोणाचे तरी परत करायचे होते. मी पाहत असे. तोही पाहत असे... मग दोघेही पावसाबद्दल बोलत असू.

दुसऱ्या आठवड्यात त्याने, मी न विचारता, हर्बचा नियम सांगितला. हर्ब हा लाकडाचे ट्रक हाकून निवृत्त झालेला म्हातारा. व्यसन सोडणाऱ्यांच्या बैठकीत तो डेलला वाट दाखवी. पहिले वर्षभर नवे प्रेम नाही, हा तिथला दंडक. मी म्हणाले, की मी काही विचारले नव्हते.

"नाही ना. मी स्वतःलाच सांगत होतो," तो म्हणाला. "तू मध्ये बसली होतीस, म्हणून तुला ऐकू आलं."

त्याच बैठकीची आणखी एक रीत होती. ज्यांचे नुकसान केले त्यांची यादी करायची आणि एकेकाला समोर जाऊन ते सांगायचे. बदल्यात काही मागायचे नाही, माफीसुद्धा नाही. डेलच्या यादीतली एकच भेट राहिली होती. कोणाची, ते मी विचारले नाही. तो खिडकीबाहेर पाहू लागला होता.

चौथ्या आठवड्यात लुटीच्या प्रसंगाची तालीम झाली. दुकानदाराचे काम करणारा वयस्क नट फरशीवर गुडघे टेकून बसला होता. तरुण नटाने त्याचे हात मागे बांधले, झटापटीत चष्मा खाली पडला, आणि तरुण तो ओलांडून पुढे गेला.

"असं नाही," डेल दारातून म्हणाला. "चष्मा उचल. घडी घाल. त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात ठेव."

विनीने विचारले, चोर असे कशाला करील? डेल म्हणाला, की काही जण करत असतील.

मी मागच्या खोलीत होते. माझ्या हातातली बाटली मी फळीवर ठेवली. सात वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातल्या एका दुपारी, दोघा बुरखाधाऱ्यांनी माझ्या वडिलांना याच फरशीवर बांधले होते. ते त्याविषयी कधी बोलले नाहीत. फक्त एकदा मला म्हणाले होते, की त्या चोरांपैकी एकाने त्यांचा चष्मा उचलून, घडी घालून, त्यांच्या खिशात ठेवला. मी ते कोणालाही सांगितले नव्हते. पोलिसांच्या कागदांतही ते नव्हते.

लुटीच्या त्या दुपारनंतर दुकानाच्या दाराची घंटा वाजली की वडील हातातले काम टाकून मान वर करत आणि आलेल्याचा चेहरा नीट पाहून घेत. दोन वर्षे हे चालले. मग त्यांनी दुकान बंद केले, आणि पुढच्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. एकामागून एक घडले म्हणजे एकामुळे दुसरे घडले असे नव्हे. त्यांचा मृत्यू मी कोणाच्या माथी मारला नव्हता. ती दोन वर्षे मात्र त्या चोरांच्या माथी मारली होती.

निष्कर्ष काढायला मला एक मिनिट लागले. तो मनात ठेवून रोज दुपारी डेलच्या शेजारी बसणे अवघड होते. तरीही मी बसले. मी विचारले असते तर त्याने कबूल केले असते, याची मला जवळपास खात्री होती. पण मग ते मी काढून घेतलेले उत्तर झाले असते. त्याने आपणहून सांगितले तर हा माणूस माझा होता. न सांगता गेला तर तो फक्त चष्मा उचलणारा चोर होता. चित्रीकरण संपायला नऊ दिवस उरले होते, आणि मी ते एकेक करून जाऊ दिले.

शेवटच्या दुपारी माणसे चित्रीकरणाचे दिवे आवरत होती. डेल माझ्या गाडीपाशी आला. मी दार उघडले, तरी आत बसला नाही. त्याने टोपी काढली. पाऊस केसांवरून त्याच्या कॉलरमध्ये उतरत होता.

"मार्लिस, यादीत राहिलेलं नाव... कोस्केला. तुझे वडील." त्याने दुकानाकडे पाहिले. "दुकानाचं नाव ऐकूनच हे काम घेतलं, त्यांना भेटता येईल म्हणून. ते गेले, हे इथे येऊन कळलं. मग तू भेटलीस. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण... तू माझ्याशी बोलायचं बंद केलं असतंस."

"मला नऊ दिवसांपासून माहीत आहे."

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले.

"पोलिसांत द्यायची मुदत संपली आहे. तेही मी पाहून ठेवलंय," मी म्हणाले. "बस आत. आणि काय काय झालं ते सगळं सांग. पहिल्या मिनिटापासून."

तो आत बसला आणि त्याने सांगितले. लॉनी नावाचा त्याचा मित्र, मागचे दार, दोरी, चष्मा. मग पांढऱ्या गोळ्यांची एक नवी बाटली, जी दोघांनीही आधी पाहिलेली नव्हती. लॉनीने ती पिशवीत टाकली, तेव्हा फरशीवरून माझे वडील बोलले.

"आम्हाला वाटलं, आरडाओरडा करतील. तर म्हणाले, पोरांनो, ऐका. ही नेहमीची नाही, चौपट कडक आहे. अर्धीच घ्यायची. दारूबरोबर तर घ्यायचीच नाही. आणि मग विचारलं... समजलं का? दोघांनाही. आम्ही हो म्हणेपर्यंत ते विचारत राहिले."

सूचना दिल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कोणाला औषध दिले नव्हते. मला तो आवाज ऐकू आला.

"मी अर्धी घेतली," डेल म्हणाला. "लॉनी हसला. सकाळी तो उठला नाही."

काचेबाहेर विनी कोणाला तरी खोकी मोजायला सांगत होती. मी घंटेचा विचार करत होते. दोन वर्षे, प्रत्येक येणाऱ्याचा चेहरा. मी त्याला भीती म्हणत आले होते. दुसरे काही असू शकते, हे कधी तपासलेच नव्हते. ते दोघे जगले की नाही, हे त्यांना पाहायचे असेल. पुरावा नाही. मिळणारही नाही. पण मी रडले, आणि डेलने मला हात लावला नाही, आणि तो गाडीतून उतरलाही नाही.

डोळे पुसून मी म्हणाले, "माफी माझ्याकडे नाही. ती त्यांची होती."

"मागत नाहीये मी."

"माहीत आहे. माझ्याकडे जे आहे ते वेगळं आहे. तू मला आवडतोस, डेल. गेले नऊ दिवस मी ते चूक ठरवायचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला. जमलं नाही."

त्याने डोळे मिटले. टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"तुझं वर्ष कधी पुरं होतं?" मी विचारले.

"मे महिन्याच्या अकरा तारखेला."

"हर्बचं बरोबर आहे. तोवर येऊ नकोस. बारा तारखेला ये."

"आणि... नाही जमलं तर? मध्येच पाय घसरला तर?"

"तरी ये," मी म्हणाले. "नाही जमलं, हे येऊन सांग."

तो उतरला. दार हळू लावून घेतले आणि टोपी न घालताच पावसातून बसथांब्याकडे चालू लागला. कोपऱ्यावर पोहोचल्यावर वळून त्याने एकदा मान हलवली... समजले, अशा अर्थाने. मग मी गाडी सुरू केली.