ताईची नाडी

मी जलसंसाधन खात्यात अभियंता आहे. धरणाच्या भिंतीतून पाणी किती झिरपतं, ते मोजून लिहिणं हे माझं काम. भिंत पातळ झाली की पुढं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. तरी गेल्या जानेवारीत लीलाताईचा सकाळी फोन आला, दोन्ही खांद्यांच्या मधे काहीतरी फाटल्यासारखं दुखतंय म्हणाली, तेव्हा मी तिला ॲसिडिटीची गोळी घ्यायला सांगितली.

दुपारी तिला दवाखान्यात न्यायला माधवगंजातल्या घरून ऑटोत बसवलं. महाराज बाड्याच्या चौकात टेंपो एकमेकांत अडकले होते. तिचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, मनगट माझ्या बोटांत. तीन ठोके, मग थांबा. तीन ठोके, मग थांबा. एका थांब्यानंतर पुढचा ठोका आलाच नाही. ऑटो अजून तिथंच उभी होती.

छातीतली मोठी धमनी फुगून फाटली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचे वडील मानसिंगराव एकोणपन्नासाव्या वर्षी दाढी करता करता गेले, तेव्हा घरात नुसतं ‘हार्ट’ म्हटलं गेलं होतं. हे घराण्यात उतरतं, तुम्हीही तपासून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

नई सडकवर एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर सोनोग्राफी आणि इको करतात. तिथल्या मोहितनं माझ्या छातीवर गार जेल लावलं आणि मशीनचा आवाज सुरू केला. ओल्या पिशवीतून वारा जावा तसा आवाज. मोहितनं भुवया आवळल्या. बटणं फिरवली, हातातला प्रोब बदलला, मग मला शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर नेलं.

“सर, आवाज़ दो आ रहे हैं,” तो म्हणाला. “एक आपका है.”

मी कान दिला. माझ्या आवाजाखाली दुसरा होता, हलका, सावकाश. तीन ठोके, मग थांबा.

रिपोर्टात त्यानं फक्त धमनीच्या रुंदीचं माप लिहिलं. बावन्न मिलिमीटर.

दिल्लीच्या सर्जननं वेळ घालवू नका म्हणून बजावलं. फुगलेला भाग कापून तिथं कापडी नळी शिवायची. त्यासाठी हृदय तासाभराच्या आसपास बंद ठेवावं लागेल. मी तारीख घेतली, आणि पुढं ढकलली. मग पुन्हा ढकलली.

मधल्या काळात मी नई सडकवर जात राहिलो. माप वाढलं का बघायचंय, असं मोहितला सांगायचो. नंतर तो विचारीनासा झाला; आवाज चालू ठेवून दहा मिनिटं बाहेर जाऊन उभा राहायचा. दर खेपेला दुसरा आवाज जरा स्पष्ट व्हायचा. एकदा मी हळूच म्हणालो, “ताई, गोळी घे म्हणालो मी तुला.” थांबा लांबला. इतका, की मी मान वळवून पडद्याकडे बघितलं. मग तीन ठोके आले.

तारखा पुढं गेल्याचं माझ्या बायकोला, सीमंतिनीला, दिल्लीहून आलेल्या फोनवरून कळलं. पुढच्या खेपेला सोबत आली. कोपऱ्यात उभी राहून तिनं दोन्ही आवाज ऐकले. माप पंचावन्न निघालं.

जिन्यात तिनं विचारलं, ते नक्की काय आहे. मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. हृदय बंद केलं की तीही बंद होईल, हेही सांगितलं.

खालच्या पायरीवर ती थांबली. मग म्हणाली, “अहो, ऑटोत तुमचं मनगट धरून मी बसणार नाही.”

आम्ही मार्चमधे दिल्लीला गेलो. गुंगी चढेपर्यंत मी मनातल्या मनात ताईची माफी मागत होतो.

तिसऱ्या दिवशी सर्जन एकटेच आले आणि स्टूल ओढून बसले. ऑपरेशन उत्तम झालं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना सांगायची होती. हृदय पूर्ण थांबवलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते निपचित पडलं होतं. तरी पडद्यावर ठोके उमटत होते. तारा बदलल्या, पडदा बदलला. अठ्ठेचाळीस मिनिटं ते चालू होते.

“ऐसा होता नहीं है,” ते म्हणाले.

ठोके कसे होते, असं मी विचारलं.

त्यांनी पलंगाच्या कठड्यावर बोट वाजवलं. तीन वेळा. थांबले. पुन्हा तीन वेळा.

मला रडू आलं. छातीचे टाके ओढले गेले, तरी थांबवता येईना. ताई तेवढा वेळ माझ्यासाठी थांबली होती, आणि आता गेली होती. मी तेव्हा तसंच समजलो.

तीन महिन्यांनी पुन्हा नई सडक. सीमंतिनी खुर्चीच्या टोकावर बसली होती. मोहितनं जेल लावलं, आवाज सुरू केला, बराच वेळ ऐकलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“सर, अब एक ही है.”

सीमंतिनीनं पदर डोळ्यांना लावला.

मी ऐकत होतो.

तीन ठोके. थांबा.

तीन ठोके.

माझा आवाज त्यात कुठंच नव्हता.