मोटरने जोर सोडला

इन्स्पेक्टर बाईंचा फोन आला तेव्हा मिस्त्री दाढी करत होता. सकाळचे साडेसात वाजले होते. एका गालाला फेस तसाच होता.

"मिस्त्री, बंधाऱ्यावर या. हत्यारं घेऊन या."

"काय झालं बाई?"

"नावाडी बोटीसकट बंधाऱ्यावरून खाली गेला. त्याची मोटर काल तुम्हीच बसवलीत ना?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं आणि पेटी उचलली.

बंधाऱ्याखाली दोन खडकांमध्ये बोट उलटी अडकली होती. नावाडी वाळूवर चादरीखाली होता. उशाशी त्याची एकुलती एक मुलगी बसली होती. रडत नव्हती. तीस वर्षांची मैत्री चादरीखाली निपचित पडलेली पाहून मिस्त्री पुढे सरसावला. पण त्याला कोणी जवळ जाऊ देईना.

"आला बघा कारागीर," गर्दीतून कोणीतरी म्हणालं. एक जण त्याच्या पायाशी थुंकला.

मुलीने मान वर केली. "काका, दुरुस्त करून दिलीत ना?" एवढंच म्हणाली. गर्दीला तेवढं पुरलं.

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आठवड्यापूर्वी तीच मोटर घेऊन त्याच्या दुकानात आली होती. मोटर जोर सोडते, प्रवाहात चढत नाही, अशी तिची तक्रार होती. मिस्त्रीला फारसं काही सापडलं नव्हतं. तरी त्याने कार्ब्युरेटर धुतला, प्लग बदलला, पाण्याच्या पिंपात तासभर मोटर चालवून पाहिली आणि काल संध्याकाळी बोटीवर चढवून दिली. आजची पहिलीच फेरी होती. पलीकडच्या माणसांना आणायला नावाडी एकटाच निघाला होता.

बाईंनी लाल टाकीकडे बोट दाखवलं. "झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आहे. म्हणजे टाकीत हवा जाणार नाही, पेट्रोल येणार नाही, मोटर बंद पडणार. बरोबर?"

"बरोबर."

"शेवटचा हात तुमचा."

"मी उघडा ठेवला होता."

"सगळे असंच म्हणतात. आणि दुसरं. याच नदीत गेल्या वर्षी याचा जावई बुडाला. तेव्हाही मोटरने जोर सोडला म्हणून नावाडी त्याच्यापर्यंत पोचू शकला नाही. कार्ब्युरेटरमध्ये कचरा होता, असा अहवाल तुम्हीच दिलात. तुमच्या हातची एकच मोटर दोन माणसं खाते, हे विचित्र नाही का?"

मिस्त्रीने पेटी वाळूवर ठेवली. मग म्हणाला, "मला एक तास द्या. उघडून बघतो. तुमच्यासमोर."

आधी त्याने टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं आणि बाटली दगडावर ठेवली. थोड्या वेळात पेट्रोल वर राहिलं. खाली चार बोटं पाणी साचलं.

त्याने बाटली तशीच राहू दिली. काठावर गळ टाकून बसणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे गेला. जे घडलं ते पाहिलं, असं तो एकटाच सांगत होता.

"मोटरचा आवाज कसा होता, आजोबा? बसत बसत बंद पडली का?"

"छे! किंचाळत होती. डुकराचा गळा धरल्यासारखी."

"शेवटपर्यंत?"

"बंधाऱ्यावरून खाली पडेपर्यंत. मोटर बोंबलतेय आणि बोट आपली पाण्याबरोबर मागे मागे. वाकून वल्ही शोधत होता बिचारा. वल्ही नव्हतीच."

"मग?"

"मग मुलीला हात करायला लागला. ती काठावर उभी होती ना. तिनेही हात केला."

"म्हणजे? मदतीला बोलावलं का तिने कोणाला?"

म्हातारा घुटमळला. "नाही. आपण निघालेल्या गाडीतल्या माणसाला करतो तसा. सावकाश." त्याने हात हलवून दाखवला आणि लगेच खाली घेतला.

वल्ही कुठे, हे विचारायला मिस्त्री आणि बाई नावाड्याच्या घरी गेले. मुलगी पुढे झाली. पडवीत भिंतीला टेकवून वल्ही उभी होती, ताज्या रंगात चकचकीत.

"काल रंगवली," ती म्हणाली. "वाळायची होती."

आतली खोली लहान आणि स्वच्छ होती. खुंटीवर पुरुषाचा शर्ट होता, इस्त्रीची घडी अजून न मोडलेला. खिडकीत अर्धवट विणलेला स्वेटर पडला होता. रुंद छातीचा. निळ्या लोकरीवर वर्षभराची धूळ होती. टाके एका बाजूला हिरव्या सुईवर होते, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीवर.

"यांच्यासाठी घेतला होता विणायला," ती म्हणाली. "राहिला."

मिस्त्री खिडकीपाशी जरा जास्तच वेळ उभा राहिला.

परत येऊन त्याने मोटर उभी केली आणि पंख्याला हात घातला. गियर टाकलेला असूनही पंखा भिंगरीसारखा गरगर फिरला. त्याने नट काढला, पंखा ओढून घेतला. आतून धातूचे तीन तुकडे तळहातावर पडले. त्याने ते पुसले, उजेडात धरले आणि मूठ मिटली.

"काय आहे ते?" बाईंनी विचारलं.

"तिला बोलवा," मिस्त्री म्हणाला. "तिच्या पाठीमागे बोलणार नाही मी."

मुलगी आली. गर्दीला बाईंनी लांब ठेवलं.

"मोटर बंद पडलीच नव्हती," मिस्त्रीने सुरुवात केली. "पेट्रोल तुटलं असतं तर आवाज बसत गेला असता. ही किंचाळत होती. म्हणजे इंजिनात ताकद होती, पण ती पंख्यापर्यंत पोचत नव्हती. दोघांना जोडते ती एक छोटी पिन. पंखा दगडावर आपटला तर ती तुटते आणि इंजिन वाचतं. मी पितळेची घातली होती. ही अॅल्युमिनियमची आहे. हळू चालवलं तर टिकते. भर प्रवाहात पूर्ण जोर दिला की संपली."

"आणि हवेचा स्क्रू?"

"बोट बुडाली तेव्हा उघडाच होता, म्हणून तर टाकीत पाणी शिरलं. बंद नंतर केला. बोटीपाशी सगळ्यांत आधी कोण पोचलं होतं?"

बाईंनी मुलीकडे पाहिलं. ती मिस्त्रीकडे बघत होती.

मिस्त्रीने एक तुकडा पुढे केला. त्याच्या कडेला हिरव्या रंगाचा टवका होता. "विणायची सुई आहे ही. हिची जोडीदार खिडकीत आहे. पिन बदलायला मी दोघांनाच शिकवलं. एक त्या चादरीखाली आहे. वल्ही कालच रंगवायची काय घाई होती, पोरी?"

"तुम्ही हुशारच आहात काका," ती म्हणाली. "मग गेल्या वर्षी काय झालं होतं तुम्हाला?"

मिस्त्रीने पुढे केलेला तुकडा मागे घेतला.

"सांगा ना बाईंना. का मी सांगू?" तिचा आवाज जराही चढला नाही. "हे बुडत होते. बाबा बोटीत बसून बघत होते. माझं लग्न त्यांना मान्य नव्हतं, सगळ्यांना ठाऊक आहे. बाबा काठावर आले आणि म्हणाले, मोटरने जोर सोडला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तीच मोटर घेऊन एकटी प्रवाहात गेले. बंधाऱ्यापासून वरच्या वळणापर्यंत. एकदाही अडखळली नाही. आणि दुपारी या काकांनी लिहून दिलं, कचरा होता."

"म्हणून यांच्या दुकानात मोटर नेलीस," बाई हळूच म्हणाल्या. "दोष यांच्यावर यावा म्हणून."

"बाबांना तेच दिलं जे त्यांनी सांगितलं होतं, जोर सोडणारी मोटर. यांना पण."

बाई मिस्त्रीकडे वळल्या. "खरं आहे?"

खोटं बोलायला अजून वाव होता. पहाटेच्या त्या एका फेरीखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं, आणि खुनी बाईवर विश्वास कोण ठेवणार? मिस्त्रीने तळहातावरचे तुकडे बाईंच्या हातात दिले.

"खरं आहे. मोटर ठणठणीत होती."

"किती लांब होता जावई?" मुलीने विचारलं. "तुम्ही नंतर जागा बघायला गेला होतात. मी पाहिलं होतं."

"तीस हात."

"किती वेळ लागला असता?"

"दहा सेकंद. फार तर पंधरा."

तिने मान हलवली. मग उठली, चपला घातल्या आणि जीपकडे एकटीच चालत गेली. बापाच्या चादरीजवळून जाताना थांबली नाही.

बाईंनी वही उघडली. "ते खोटं का लिहिलंत, मिस्त्री?"

"मित्र होता."

"आणि तो बुडालेला? तो कसा होता?"

मिस्त्रीने आठवून पाहिलं. पाठमोरा एक माणूस, काठावर दोर गुंडाळणारा. चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना.

"माहीत नाही," तो म्हणाला. "कधी बोललोच नाही त्याच्याशी."