तिसरी तक्रार

"गाडीत भूत नाहीये, पेट्रोल आहे!" मी वैतागून म्हणाले.

समोरचा माणूस चष्मा वर सरकवत माझ्याकडे बघत राहिला. चष्म्यांचंच दुकान होतं त्याचं. वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी घरची मोठी गाडी तो गावभर पळवायचा. भाच्यांना शाळेत सोड, आईला दवाखान्यात ने... सगळं विजेवर! आठ महिने पेट्रोलचा थेंब जाळला नाही, आणि आता इंजिन आपोआप सुरू होतं म्हणून साहेब घाबरून आमच्या वर्कशॉपमध्ये.

"पेट्रोल जुनं झालं की गाडी स्वतःच ते जाळून टाकते. शहाणी आहे ती."

"माझ्यापेक्षा?"

"ते कसं सांगू? तुम्हाला आत्ताच तर बघतेय."

हसला मेला. छान हसला, म्हणून तर आणखी राग आला.

पुढच्या शनिवारी पुन्हा हजर. "मागून आवाज येतो... खडखड."

मी गाडी बाहेर काढली, तो शेजारी बसला. बाहेर भुरभुर पाऊस होता. विजेवर ही गाडी इतकी गुपचूप चालते, की शेजारच्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो. मागच्या सीटवर बिस्किटांचा चुरा, आणि मागच्या दाराच्या कप्प्यात खडखडणारी भाच्याची गोटी. ती मी त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली... माझी की त्याची, देव जाणे.

तिसऱ्या शनिवारी तो "काहीतरी वास येतो" म्हणाला. मी नखशिखांत गाडी तपासली. कसला वास न् कसलं काय! बाहेर आले तर सुपरवायझर काका तक्रारींची वही उघडून उभे.

"एकच गाडी, महिन्यात तीन तक्रारी, तिन्ही तुझ्या नावावर," काका म्हणाले. "नियम माहितीये ना? हायब्रिड विभागाची प्रमुख... आता बघू पुढच्या वर्षी."

चार वर्षं मी त्या जागेसाठी राबले होते! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काय झालंय गाडीला? खरं सांगा!"

"काही नाही..." तो पुटपुटला. "तुम्ही शनिवारी असता ना, म्हणून..."

"तुमच्या शनिवारांपायी माझी बढती गेली! एकाच गाडीच्या तीन तक्रारी म्हणजे माझं काम कच्चं, असं धरतात इथे!"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मला खरंच माहीत नव्हतं..."

"मग विचारायचं! 'कॉफी घेणार का' एवढं सरळ विचारायला जीभ झडली होती?" माझा आवाज चिरकला, आणि त्या चिरकण्याचाही मला संताप आला.

तो तडक आत गेला. काकांकडून कागद मागितला, उभ्या उभ्या लिहिलं, सही केली. काकांनी तो वाचला, आणि वाचला तोही मोठ्यांदा!

"तिन्ही वेळा गाडी ठणठणीत होती. पहिल्यांदा माझं अज्ञान. दुसऱ्यांदा भाच्याची गोटी. तिसऱ्यांदा मी चक्क खोटं बोललो, कारण मला या मॅडम आवडतात आणि पुन्हा भेटायचं होतं. त्यांच्या कामात काडीचीही चूक नाही."

सगळ्यांच्या हातातले पाने थांबले. कुणीतरी शिट्टी मारली. काकांनी वहीतल्या तिन्ही नोंदींवर काट मारली आणि म्हणाले, "सोमवारी तुझं नाव वर पाठवतो."

आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण त्याला मी फाटकापाशी गाठलंच.

"सगळ्यांसमोर लिहायची काय गरज होती? आता वर्षभर चिडवतील मला!"

"चुकलो. पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"वा रे वा! एवढं लिहून ठेवायचं आणि वर पळ काढायचा?"

तो थांबला. "मग... काय करू?"

"साडेसहाला सुटते मी. ती गाडी घरी ठेवा आणि चालत या."

सव्वासहालाच आला. अख्खं वर्कशॉप खिडकीत गोळा झालं होतं. माझ्या हाताला ग्रीस लागलेलं, त्याचा शर्ट पांढरा. मी सरळ त्याच्या दंडाला धरलं आणि निघाले. बघू दे मेल्यांना!