कड्याखालची काच

"मॅडम, माह्या बगिच्यावर कोणं तरी कुऱ्हाड फिरवली. एक झाड उभं नाही."

शुक्रवारी सकाळी सात वाजता ठाण्यात फोन आला. उपनिरीक्षक अनुपमा तायडे यांनी गावाचं नाव लिहून घेतलं आणि हवालदार इंगळेंना गाडी काढायला सांगितली. जळगाव जामोदहून सातपुड्याच्या दिशेने वीस मिनिटं.

कौशल्याबाई बांधावर बसून होत्या. समोर संत्र्याची साठ झाडं, सगळी गुडघ्याखाली तोडलेली. यंदा त्यांचा पहिला बहर धरायचा होता. पानं अजून हिरवी होती.

"कोणावर संशय?"

"पुतण्यावर. राजकुमारवर. बांधाच्या भांडणात साऱ्या गावासमोर म्हणे, हे झाडं मी उभे ठेवत नाही. अन् पलीकडच्या वावरातल्या शेखरनं रातच्याले त्याले पाह्यलं, फोनवर सांगे तो."

"तुम्ही झाडांजवळ गेलात?"

"नाही माय. पाय उचलत नाहीत."

इंगळे पंचनाम्यात 'कुऱ्हाडीने' लिहू लागले. अनुपमा एका बुंध्यापाशी वाकली. काप सपाट होता. मातीवर पिवळसर बारीक भुसा पडला होता. तो तिने कागदाच्या पुडीत घेतला.

"इंगळे, हत्यार लिहू नका."

"मंग काय लिहू?"

"जागा सोडा."

पलीकडे एक पडीक वावर आणि त्यानंतर शेखरचा हरभरा. रानडुकरांसाठी बांधलेल्या मचाणाखाली तो उभा होता. सत्तावीस-अठ्ठावीसचा, अंगाने काटक, पायात पळायचे बूट.

"कुठून पाहिलं?"

"इथूनच. डुकरं आले काय म्हून बॅटरी मारली. उजेडात राजकुमारचं तोंड साफ दिसलं. हातात करवत होती."

"सकाळपासून तिकडे गेलात?"

"नाही. काकूचं रडणं आयकू आलं. पण मले पाहावलं नसतं."

"राजकुमार तुमचा कोण?"

"दोस्त. भरतीसाठी पाच वर्सं संगंच पळलो. त्याचं पोलिसात झालं. मी वेटिंगवर पहिला. आता दोस्त हाये म्हून खोटं बोलू काय, मॅडम?"

"बॅटरी दाखवा."

"घरी चार्जिंगले लावली. उद्या आणून देतो."

अनुपमाने मचाणापासून बगिच्यापर्यंत पावलं मोजली. एकशे सत्तर. गुरुवारी रात्री चंद्र नव्हता. सगळी साक्ष त्या एका बॅटरीवर उभी होती.

दुपारी राजकुमारला ठाण्यात बोलावलं.

"काल रात्री कुठे होता?"

"घरी. झोपलो होतो."

"साक्षीदार?"

"झोपीले साक्षीदार कोठून आणू, मॅडम?"

"झाडं उभी ठेवत नाही, म्हणालात?"

"म्हणलो. रागात माणूस काय बी म्हणते. काकूच्या त्या झाडाले दोन उन्हाळे मीच पाणी देलं." तो पुढे सरकला. "पुढच्या हप्त्यात माही चारित्र्य पडताळणी हाये. गुन्ह्यात नाव आलं की संपलं. पाच वर्सं गेले."

अनुपमाने त्याच्याकडे पाहिलं. खरं बोलणारे असेच बोलतात. खोटं बोलणारेही.

शनिवारी शेखर बॅटरी घेऊन आला. तिने मुद्देमालाच्या खोलीचं दार लावलं आणि बॅटरी लावली. समोरच्या भिंतीवर बांगडीएवढं, धारदार कडेचं, पांढरं वर्तुळ उमटलं.

"झालं, मॅडम," इंगळे म्हणाले. "हा फोकस तं पहाडावर जाईन. राजकुमारचं नाव लिहू काय?"

तिने बॅटरी नाकाजवळ नेली. पुदिन्यासारखा पुसट वास. काचेला धरून ठेवणारं काळं कडं फिरवून पाहिलं, ते हललं नाही. काच आणि कड्याच्या फटीत पांढरी बारीक रेघ होती.

"आईले ओलिताले, वावरात पाणी द्याले लागते, मॅडम," शेखर म्हणाला. "नेऊ काय?"

"न्या. लागली तर मागवीन."

"मॅडम, नाव लिहू काय?" तो गेल्यावर इंगळेंनी पुन्हा विचारलं.

"सोमवारपर्यंत थांबा."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. अनुपमा साध्या साडीत बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या कोकिळाच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. ताडपत्रीवर सुट्ट्या काचा, बल्ब, वायरी. आसपासच्या गावांतल्या बॅटऱ्या कोकिळाच्या हातून जात.

"काचेवर काय काय करता?"

"दोनच कामं," कोकिळा मान वर न करता म्हणाली. तिच्या बोटाखाली ओल्या, खरखरीत वॉटर पेपरवर एक काच गोल फिरत होती. "डुकरं राखणारे येतात, त्याइले लांब उजेड पाह्यजे. त्याइची काच घासून घासून आरशासारखी करतो. ओलितवाले येतात, त्याइले पसरट पाह्यजे, पायाखालचा साप दिसला पाह्यजे. त्याइची काच पेपरनं आंधळी करतो."

"आंधळ्या काचेला परत नजर येते?"

"येते. टूथपेस्ट लावून घंटाभर घासा. पण हात दुखतात."

"कडं काढून घासायची?"

"मी काढतो. ज्याले माहीत नाही त्याच्यानं निंघत नाही. पाणी जाऊ नये म्हून मी कड्याच्या आट्याले चिकट लावतो. गरम पाण्यात धरलं तरच सुटते."

तेवढ्यात एक बाई तरातरा आली आणि बॅटरी ताडपत्रीवर ठेवली.

"कोकिळा, हे काय काम झालं वं? मागच्या बाजाराले पसरट करून देली, आठ दिवसांत उडालं."

"उडाले ते काय पावडर हाये, विमलकाकू? घासलेली काच उडत नसते."

"गुरुवारी सांजीले ओलितावर पायाची बोटं दिसत होती. काल पाह्यलं तं नुसता ठिपका."

अनुपमाने बॅटरी ओळखली. कड्यापाशी तीच पांढरी रेघ.

"गुरुवारी रात्री ही कोणाकडे होती?"

"माह्या पोराकडं. शेखरकडं. तो मचाणावर नेते. काऊन?"

अनुपमाने तिथेच पावती लिहून बॅटरी ताब्यात घेतली. विमलबाईंनी पुन्हा "काऊन?" विचारलं. अनुपमाने पावती त्यांच्या हातात ठेवली.

सोमवारी ठाण्यात कौशल्याबाई, राजकुमार आणि शेखर एका बाकावर बसले होते. विमलबाई दाराशी उभ्या होत्या. टेबलावर कढत पाण्याचं भांडं होतं. कोकिळाने त्यात बॅटरीचं तोंड धरलं, रबराच्या तुकड्याने कडं पकडून पीळ दिला. कडं सुटलं. तिने काच कागदावर ठेवली.

मधला भाग लख्ख होता. कडेने, कड्याखाली दबलेला दोन मिलिमीटरचा पट्टा मात्र धुक्यासारखा पांढरा.

"मागच्या बाजारात कोकिळाने पूर्ण काच आंधळी केली," अनुपमा म्हणाली. "नंतर कोणीतरी ती टूथपेस्टने साफ केली. त्याला कडं काढता आलं नाही, म्हणून कड्याखालचा भाग राहून गेला. प्रश्न एवढाच, कधी? गुरुवारी सांजवेळी विमलबाईंना उजेड पसरट दिसला. शनिवारी माझ्यासमोर तो ठिपका होता. शेखर, शुक्रवारी तुम्ही बॅटरी दाखवली नाही."

"आईसाठी घासली," शेखर म्हणाला. "गुरुवारीच. मचाणावर जायच्या आधी."

"मी कधी म्हणलं रे, घास म्हून?" दारातून विमलबाई म्हणाल्या. "मीच पसरट करून आणली होती."



"गुरुवारी घासली असती, तर शुक्रवारी दाखवायला हरकत नव्हती," अनुपमा पुढे म्हणाली. "कोकिळाकडची तशी आंधळी काच काल रात्री मी लावून पाहिली. वीस पावलांपुढे अंधार. एकशे सत्तर पावलांवर तोंड दिसणं शक्य नाही. करवतही नाही."

"मंग करवत..." इंगळे थबकले.

"बरोबर. फोनवर कुऱ्हाड होती. तुम्हीही कुऱ्हाडच लिहीत होतात. काप जवळून मी एकटीने पाहिले. करवतीचं तोवर मी कोणाला सांगितलं नव्हतं. शेखर तिकडे गेला नव्हता आणि बॅटरीने त्याला दिसणार नव्हती. तरी करवत त्यालाच माहीत होती. पसरट उजेडात वाकून झाडं कापणाऱ्याला ती माहीत असणारच."

तिने टेबलाखालून एक पोतं काढलं. इंगळेंना सकाळी मचाणाच्या छपरात करवत सापडली होती. तिच्या दात्यांत पिवळसर भुसा अडकला होता.

"राजकुमार पडताळणीत गळला की वेटिंगवरचा पहिला वर जातो," अनुपमा म्हणाली.

शेखर आपल्या बुटांकडे पाहत होता. "झाडं पुन्हा लावता येतात, मॅडम," तो हळू म्हणाला. "भरतीचं वय पुन्हा येत नाही. माहं हे शेवटचं वर्स होतं."

"लावाले येतात," कौशल्याबाई म्हणाल्या. "चार वर्सं जातात बाप्पा." मग शेजारी बसलेल्या पुतण्याकडे न पाहताच त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"इंगळे, ती सोडलेली जागा," अनुपमा म्हणाली. "करवत लिहा. आणि राजकुमारचं नाव कागदावर कुठेही नको."

राजकुमार उठला नाही. "लांब पल्ल्यात तो दरवेळी माह्या पुढं राहे," तो एवढंच म्हणाला.

कोकिळाने विचारलं, "ही काच पुसू काय?"

"नको. कडेसकट तशीच राहू द्या."

विमलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. कोकिळाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पिशवीतून दुसरी, जुनी बॅटरी काढली, तिची काच सोडवली आणि भांड्यातल्या कोमट पाण्यात वॉटर पेपर भिजवून ती गोल गोल घासू लागली.

"विमलकाकूले आज ओलित हाये," ती म्हणाली.