गुहेतली चाल

ओसाकात तेन्मा स्टेशनामागच्या गल्लीत, उदोन नूडल्सच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. सकाळपासून सुक्या माशांच्या रश्शाचा वास जिन्यावरून वर यायचा आणि दिवसभर केसांत राहायचा. आम्ही व्हिडिओ गेम बनवायचो. टीव्हीला जोडायचं ते यंत्र घरोघरी पोचलं होतं, पोरं वेडी झाली होती, आणि या खेळांना संगीत द्यायला माणसं मिळत नव्हती. मी पियानो शिकून बाहेर पडले होते आणि लोकांच्या मुलींच्या शिकवण्या करून कंटाळले होते. म्हणून तिथे लागले.

संगीत हा शब्द तसा मोठाच होता. यंत्रातून एका वेळी तीन सूर निघायचे आणि चौथी नुसती खरखर. त्या खरखरीतूनच ढोल, पाऊस, पावलं, स्फोट, सगळं काढायचं. घरी ऑर्गनवर चाल बसवायची आणि ऑफिसात येऊन एकेका स्वराचा आकडा करून टाइप करायचा. कुठला स्वर, किती वेळ, किती मोठ्याने. आणि जागा केवढी, तर पोस्टकार्डावरच्या मजकुराएवढी. त्यामुळे चाल आखूड ठेवायची, आणि शेवटाला आली की अशी सुरुवातीला नेऊन जोडायची की खेळणाऱ्याला सांधा कळू नये. दुसऱ्या सुराला पहिल्याच्या मागून, हलक्या आवाजात, तेच गायला लावलं की मोठ्या रिकाम्या जागेत उभं असल्यासारखं वाटतं. असल्या युक्त्यांत माझा हात बसला होता. खेळाच्या शेवटी माझं नाव ‘मोमिजी’ असं यायचं. खरं नाव दिलं तर दुसरी कंपनी पळवून नेईल, ही मालकांची भीती. मला पळवून न्यायला कुणी आलं असतं तर मी त्याला आधी चहा करायला सांगितलं असतं, इतकी मी दमलेली असायचे.

त्या हिवाळ्यात आम्ही कंदील घेऊन जमिनीखाली उतरणाऱ्या एका माणसाचा खेळ करत होतो. गुहेसाठी मी एक छोटी, संथ चाल केली. ठीक होती. फार डोकं लावलं नव्हतं.

कुवाबाता-सान आमच्याकडे खेळ तपासायचे. म्हणजे दिवसभर खेळायचे आणि चुका काढायचे. पन्नाशीचा, बडबड्या, पोट सुटलेला माणूस. एका दुपारी ते माझ्या टेबलाशी आले.

“इवाकी-सान, गुहेतली चाल झकास जमलीय हं. त्यातून तो पुढचा भाग!”

“कुठला पुढचा?”

“अहो, पहिली चाल संपते आणि मग ते येतं ना... कुणीतरी घराच्या दारातून हाक मारत असावं तसं. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. बायकोला सांगू नका.”

“पुढे काही नाहीये. संपली की पहिल्यापासून सुरू होते.”

“गरिबाची चेष्टा करताय!”

आम्ही दोघं त्यांच्या टीव्हीसमोर जाऊन बसलो. कंदीलवाला गुहेत उतरला. माझी चाल सुरू झाली, शेवटाला आली आणि थांबली. पुन्हा सुरू व्हायला हवी होती, ती झाली नाही. मला वाटलं, यंत्र अडकलं. पण कंदीलवाला चालतच होता, आणि शेजारी कुवाबाता-सान डोळे मिटून मान डोलवत होते. बऱ्याच वेळाने चाल पहिल्यापासून सुरू झाली.

“बघा,” ते म्हणाले. “आणि म्हणे काही नाही!”

मी टेबलाशी जाऊन सगळे आकडे तपासले. शेवटच्या स्वरानंतर ‘सुरुवातीला जा’ एवढी एकच खूण होती. मधे काही नव्हतं. शांतताही नव्हती. शांततेलासुद्धा आकडा द्यावा लागतो.

“मला जरा गुणगुणून दाखवा,” मी त्यांना म्हटलं.

“मी? माझा आवाज म्हणजे गाढवाचा.” पण ते शिट्टी वाजवायला लागले. त्यांचे ओठ गोल झाले, गाल फुगले, बोटं टेबलाच्या कडेवर पडत राहिली. मला खालच्या दुकानात कांद्याची पात चिरल्याचा आवाज येत होता. खोलीतला हीटर घरघरत होता. शिट्टी तेवढी ऐकू येत नव्हती.

त्या आठवड्यात ऑफिसातल्या सगळ्यांनी ती ऐकली. हिशेब बघणाऱ्या बाई कप धुताना तोंडातल्या तोंडात म्हणायला लागल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले की मी नजर वळवायचे. आमचे प्रमुख नागामोरी-सान कधी कुणाला चांगलं म्हणत नसत. ते गुहेपाशी खेळ थांबवून कितीतरी वेळ बसले.

“इवाकी-सान,” ते म्हणाले, “पुढच्या खेळाची मुख्य चाल हीच. याच जातीच्या आणखी दोन-तीन करा. नववर्षाच्या सुट्टीनंतर ऐकवा.”

“याच जातीच्या?”

“म्हणजे त्या पुढच्या भागासारख्या. पहिला भाग काय, कुणीही करेल.” मग माझं तोंड बघून हसले. “असं का बघताय? तुम्हीच केलीत ना?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

कानाच्या डॉक्टरांनी कान तपासले. म्हणाले, “इतके चांगले कान रोज बघायला मिळत नाहीत. तुम्हाला झोपेची गरज आहे.” झोप झाली की फरक पडेल असं मलाही वाटत होतं. रविवारभर झोपले. सोमवारी गुहा लावली. फरक पडला नव्हता.

मग मला सुचलं, आणि मी टीव्हीच्या स्पीकरवर तळहात ठेवला. चाल संपली. खोली शांत झाली. आणि हाताखाली काहीतरी थरथरत राहिलं. सूर कळत नव्हते, ठेका कळत होता. एक ठोका, मग जरा थांबून दोन, पुन्हा एक. निजलेल्या पोराला थोपटावं तसा. असं थोपटणारं माझ्या ओळखीचं एकच माणूस होतं.

चाल कॅसेटवर उतरवून घेतली आणि सुट्टी लागल्याबरोबर तांगोला, आईकडे गेले.

आमच्या गावात घरोघरी रेशमाचे माग. वडील मी लहान असतानाच गेले. त्यानंतर आईने त्या मागावरच मला वाढवलं, शिकवलं. जन्मभर खडखडाट ऐकून तिचे कान गेले होते. तिच्याशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मी पोचले तेव्हा सकाळ सरत आली होती. अंगणात गुडघाभर बर्फ होतं आणि आई मुळा सोलत बसली होती.

“आलीस? तुझ्या ओसाकात जेवायला घालतात की नाही? की नुसत्या टीव्हीतल्या बाहुल्या नाचवायच्या?”

“घालतात!” मी ओरडले.

“मग अशी चिपाड का झालीस?”

मी कोतात्सुच्या पांघरुणात पाय घातले. टेबलाखालच्या शेगडीची ऊब पायांना लागली तेव्हा डोळे मिटायला लागले. तरी कॅसेट लावली. आवाज वाढवला नाही. माझी चाल वाजत होती आणि आई पाठ करून मुळा सोलत होती. तिला त्यातलं काही ऐकू जात नव्हतं.

चाल संपली. टेप फिरत राहिली.

आईची सुरी थांबली.

ती वळली. तिचे ओठ हलायला लागले. ती नुसती गुणगुणत नव्हती. ते शब्द होते, एकामागून एक, न अडखळता. आणि तिचा ओला हात मांडीवर पडत होता. एक, मग जरा थांबून दोन, पुन्हा एक.

माझी चाल पहिल्यापासून सुरू झाली तशी ती थांबली.

“हे तुला कुणी सांगितलं?” तिने विचारलं. हे मला नीट ऐकू आलं.

“तूच सांग ना,” मी म्हटलं. ओरडायचं विसरले, तरी तिला ते ऐकू गेलं.

आईने हात पुसले. माझ्यासमोर येऊन बसली आणि सांगायला लागली. पुष्कळ वेळ सांगत होती. चुलीवरची किटली सणसणत होती. छपरावरचं बर्फ घसरून धप्पकन अंगणात पडलं. शेजारच्या घरातला माग चालू होता. आईचा आवाज तेवढा नव्हता. मी तिच्या ओठांकडे बघत राहिले. माझं नाव दोनदा तरी ओळखू आलं. दुसरंही एक नाव होतं. ते घेताना तिचे ओठ जवळजवळ तसेच व्हायचे. मधेच तिने जमिनीपासून हाताने एक उंची दाखवली. मग त्याच उंचीवर, शेजारी, दुसरा हात ठेवला. ती रडली. नंतर नाक पुसून थोडी हसली.

“झालं,” तिचा आवाज एकदम परत आला. “सांगून टाकलं एकदाचं. किती वर्षं घशाशी येऊन अडकत होतं. रागावलीस?”

तिचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा हलका झाला होता. मला काही ऐकू आलं नाही, पुन्हा सांग, असं त्या चेहऱ्याला कोण म्हणणार? आणि मी दमले होते. नागामोरी-सानना हो म्हणताना दमले होते तशीच.

“नाही रागावले.”

“मग तुझी हरकत नाही?”

कशाला, ते मी विचारलं नाही. “नाही,” म्हटलं.

आई गुडघ्यांवर हात टेकून उठली. मागच्या खोलीचं सरकतं दार तिने उघडलं. तिथे जुना, बंद पडलेला माग होता आणि पलीकडे अंधार. तिने आत बघून हाक मारली. तोंड उघडलेलं मला दिसलं.

मग तिने जेवण वाढलं.

टेबलावर तीन वाट्या ठेवल्या. मिसोचं सूप, मुळ्याच्या चकत्या, भात. कोतात्सुच्या तिसऱ्या बाजूचं पांघरूण तिने जरा उचलून धरलं आणि मग हलकेच खाली सोडलं.

“जेव, निवून जाईल,” ती मला म्हणाली. मग त्या बाजूला वळून काहीतरी बोलली. थांबली. हसली.

“ऐकलंस?” तिने मला विचारलं. “काय बोलते बघ तुझ्याबद्दल.”

मी हसले. वाटी उचलली.

खोलीत वारा नव्हता. माझ्या सुपाची वाफ सरळ वर जात होती, आईच्याही. तिसऱ्या वाटीवरची वाफ तेवढी मधून मधून टेबलाच्या मध्याकडे वाकायची, पुन्हा सरळ व्हायची आणि पुन्हा वाकायची. कुणी फुंकर घालून निववत असावं, तशी.